तिसऱ्या पुस्तकाची दोरी

असिलखान बोलायला बसला की तोर्गिन आधी किटली चढवायची, मग फोनवर रेकॉर्डिंग चालू करायची आणि मग बसल्याबसल्या दमायची. बोलायचा तो, दमायची ही. "आपाय, लिहा," तो म्हणायचा, "मी रोज पहाटे पाचला उठतो." लिहिलं. "मी कधी हार मानली नाही." लिहिलं. "माणसानं मोठं स्वप्न बघावं." हेही लिहिलं. पुढचा पाऊण तास तो हीच तीन वाक्यं उलटीपालटी करून सांगायचा, चहाच्या सहा वाट्या रिचवायचा आणि उठताना म्हणायचा, "आज बरंच काम उरकलं, नाही?"

"बरंच," तोर्गिन म्हणायची.

तिला सगळेच आपाय म्हणायचे, वयानं मोठ्या बाईला म्हणतात तसं. बासष्ट वर्षांची होती. आणि असिलखान काही वाईट माणूस नव्हता हो. शिमकेंतमध्ये त्याची फर्निचरची सात दुकानं, हसरा चेहरा, सुटलेलं पोट, कधी रिकाम्या हातानं यायचा नाही. पण गेल्या काही वर्षांत आमच्या शहरात एक साथच आली होती. ज्याचं दुकान चाललं त्याला पुस्तक काढायचं होतं. पुस्तकांच्या मोठ्या दुकानात शिरलं की दारातच ती सगळी मांडलेली: श्रीमंत कसं व्हावं, नेता कसं व्हावं, शून्यातून साम्राज्य कसं उभारावं. दर महिन्याला नवी भर, आणि प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर हाताची घडी घातलेला एक माणूस. कवितांची पुस्तकं पार मागे, संडासाच्या दाराजवळ.

त्या घडी घातलेल्या हातांपैकी अकरा जणांची पुस्तकं तोर्गिननं लिहिली होती, चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, मेणकापड घातलेल्या टेबलावर. तिचं नाव कुठंच नव्हतं. कुणाला सांगायचं नाही, घरच्यांनाही नाही, अशी सही प्रत्येकानं घेतली होती. सत्तावीस वर्षं तिनं एका वर्तमानपत्रात प्रूफं तपासली होती, त्यामुळे घरात टेबलावर कागद दिसले तरी कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. आई प्रूफं तपासते, संपलं.

बाकीच्या दहा जणांचं कसंबसं निभावलं. असिलखानच्या पहिल्या पुस्तकाला मात्र तिनं डोक्याला हात लावला. पानं हवीत एकशे ऐंशी, आणि त्याच्या बोलण्यातून निघाली अकरा. त्या अकरांतही दोन पानं पहाटे पाचला उठण्याची. महिनाभर ती त्याला खोदत बसली. "असिलखान, लहानपणचं काही? वडील काही सांगायचे?" तो छताकडे बघायचा. "वडील? वडील मेंढ्यांचे डॉक्टर होते. चांगले होते." बस्स.

मग एका संध्याकाळी, मुदत डोक्यावर येऊन बसलेली असताना, तिनं झाप्पारला कामाला लावलं.

झाप्पार तिचा नवरा. पावाच्या कारखान्याची गाडी चालवायचा, दुकानादुकानांत पाव पोचवायचा. अडतिसाव्या वर्षी गेला. मुलगा सिरिम तेव्हा सहा वर्षांचा होता. झाप्पार बोलायचा कमी, पण त्याच्या कामाच्या काही खोडी होत्या. पंचाण्णवच्या हिवाळ्यात पावासाठी मारामाऱ्या व्हायच्या तेव्हा हा पठ्ठ्या गाडी रांगेच्या शेवटच्या टोकाला नेऊन उभी करायचा आणि मागून वाटायला सुरुवात करायचा. चार दिवसांत पुढं घुसायची कुणाची हौस राहिली नाही. असिलखानच्या पुस्तकात याचं प्रकरण झालं: नेत्याचं लक्ष रांगेच्या शेपटीकडे असतं. गाडीवर हमाल ठेवायचा असला की झाप्पार त्याला घरी आणून म्हणायचा, "जरा चहा ओत रे सगळ्यांना." वाटीत घोटभरच ओतणारा, पुन्हा पुन्हा विचारणारा ठेवायचा. काठोकाठ भरून देणारा पाहुण्याला उठवायलाच बसलाय, तो मालाला काय जपणार? हेही प्रकरण झालं. आता शिमकेंतमधल्या निम्म्या कचेऱ्यांत नोकरी मागायला आलेल्या पोरींना किटली हातात देतात, आणि पोरी बिचाऱ्या आदल्या दिवशी घरी सराव करून येतात.

मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं तोर्गिन स्वतःला सांगायची. पुस्तक धो धो खपलं. दुसऱ्या पुस्तकात झाप्पारचं उरलंसुरलंही घातलं. ते संपल्यावर स्वतःच्या मनची वाक्यं त्याच्याच ढंगात करकरून घातली, आणि पुढं पुढं कुठलं त्याचं आणि कुठलं आपलं हे तिचं तिलाही सांगता येईना.

घोटाळा झाला तो शिक्षक दिनाला. सिरिम शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. चौतीस वर्षांचा, उंच, डावखुरा, आणि पोरांचा फार लाडका. सुट्टीच्या दिवशीही पोरं जिन्यात येऊन बसायची, तुटके रेडिओ घेऊन. दरवर्षी शिक्षक दिनाला तो हातभर फुलं घेऊन यायचा. यंदा एका पालकानं फुलांऐवजी पुस्तक दिलं. सिरिमनं ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं, आणि तोर्गिनच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. हाताची घडी घातलेला असिलखान तिच्याकडे बघून हसत होता.

"हे काय आणलंस?"

"अगं, सगळे वाचतायत. थापा असतील," सिरिम म्हणाला, आणि दुसरंही विकत आणून, तिसऱ्या दिवशी दोन्ही पुस्तकं वाचून संपवून स्वयंपाकघरात आला. डोळे चमकत होते. "आई, हा माणूस बोलतो ना, मला असं वाटतं की यानं मला लहानपणी खांद्यावर बसवलं असणार. हसू नकोस. बाबा असते तर असेच बोलले असते, असं वाटतं."

तोर्गिन हसत नव्हती. ती पाठमोरी कांदा चिरत होती, आणि कांद्याचं निमित्त होतं हे बरं होतं. इतकी वर्षं या पोरानं बापाबद्दल विचारलं की ती म्हणायची, "चांगले होते रे, कामावरून दमून यायचे." जे सांगायचं ते मुलाला सांगायचं सोडून तिनं सात दुकानांच्या मालकाला वाहिलं होतं. आणि आता पोरगं बापाला ओळखत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सही केलीय, शब्द दिलाय, असं तिनं मनाला समजावलं. खरं सांगायचं तर लाज वाटली.

त्या हिवाळ्यात तिसरं पुस्तक चाललं होतं. फेब्रुवारीत असिलखान पेढेवाटप करायला आल्यासारखा आला, हातात घोड्याच्या मांसाचं भलंमोठं सॉसेज, काझी.

"आपाय, दोरी कापणारा मिळाला!"

आमच्याकडे मूल पहिलं पाऊल टाकायला लागलं की त्याच्या पायांना काळीपांढरी दोरी बांधतात, आणि ती कुणा चांगल्या माणसाकडून कापून घेतात. चालेल तर त्या माणसासारखं चालू दे म्हणून. मग त्या माणसानं दोन शब्द आशीर्वादाचे बोलायचे. या विधीला तुसाउकेसेर म्हणतात. पुस्तकाचंही तसंच करतात. पुस्तकाला दोरी बांधायची, चारचौघांत कापायची. पहिल्या पुस्तकाची दोरी एका मंत्र्यानं कापली होती, दुसऱ्याची एका पैलवानानं.

"कोण?" तोर्गिननं विचारलं. "यंदा गायक?"

"छे! वाचक. साधा वाचक. पुस्तक वाचून ज्याची पावलं खरंच हलली असा. मला पत्र आलं त्याचं, तुमच्याकडे न पाठवता मीच बोलावून घेतलं. मास्तर आहे, भौतिकशास्त्राचा. आपाय, काय माणूस आहे! नोकरी सोडतोय. राजीनामा लिहून तयार आहे, तो स्टेजवर खिशातून काढून दाखवणार, दोरी कापणार, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत देणार. स्वतःचं काहीतरी सुरू करणार म्हणतो. सातशे लोक टाळ्या वाजवतील."

तोर्गिननं रेकॉर्डिंग बंद केलं. "डावखुरा आहे का?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझा मुलगा आहे तो."

असिलखान आधी खुर्चीतून अर्धा उठला, मग बसला, मग त्याचा चेहरा फुलला, आणि मग एकदम पडला. "त्याला माहीत आहे? पुस्तकाचं?"

"नाही."

"मग नकोच सांगू... म्हणजे सांगू नका. कृपा करा." त्यानं टेबलावरून तिचा हात धरला. "आणि तसं बघायला गेलं तर आपाय, तुम्ही फक्त लिहून घेतलंत. बोललो तर मीच ना? पंचाण्णवच्या रांगेची गोष्ट मी सांगितली तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आठवतं?"

तोर्गिन त्याच्याकडे बघतच राहिली. पंचाण्णवमध्ये हा गडी अल्माटीत जीन्स विकत होता. पण तो खोटं बोलत नव्हता! त्याला खरंच आठवत होतं. तीन वर्षं स्टेजवरून सांगून सांगून ती गाडी, ती रांग, तो बर्फ सगळं त्याचंच झालं होतं. भांडायची ताकद तिच्यात नव्हती. भांडून काय मिळणार होतं? तिनं त्याच्या वाटीत चहा ओतला, काठोकाठ. असिलखान लगबगीनं उठून गेला. पुस्तक तिनं लिहिलं असलं तरी पाठ त्याला होतं.

ती एकटी बसली तेव्हा तिला ती पत्रं आठवली. वाचकांच्या पत्रांना असिलखानच्या नावानं उत्तरं तीच लिहायची. काही माणसं दोनदा लिहायची. पहिलं पत्र असायचं: साहेब, तुमच्या पुस्तकानं डोळे उघडले, आज नोकरी सोडली. दुसरं सातआठ महिन्यांनी यायचं, अक्षर बारीक झालेलं: साहेब, तुमच्या गोदामात हमालाची जागा असेल का? अशी नऊ दुसरी पत्रं तिनं मोजली होती. दहावं पत्र स्वतःच्या मुलाच्या अक्षरात आलेलं तिला दिसायला लागलं.

शनिवारी दुपारी सून माहेरी गेली होती. सिरिम टेबलावर वह्या तपासत होता. तोर्गिन समोर बसली.

"नोकरी सोडतोयस म्हणे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं?"

"गाव लहान आहे. बायकोला सांगितलंस?"

"सांगणार होतो. आई, तू ऐक आधी." त्यानं मागच्या फडताळातून पहिलं पुस्तक काढलं. खुणेच्या चिठ्ठ्या लावून लावून ते जाडजूड झालं होतं. "हे एकच वाक्य ऐक. 'पगार म्हणजे दुसऱ्याच्या शेगडीवर शेकलेले हात. शेगडी उचलली की हात गार.' मी बारा वर्षं हात शेकतोय. उद्या मुख्याध्यापकानं शेगडी उचलली तर?"

"तुला कोण काढतंय? पोरं जिन्यात येऊन बसतात तुझ्यासाठी."

"पोरांनी पोट भरत नाही."

"आणि कशानं भरणारेस? काय सुरू करणार आहेस, ते तरी सांग."

"ते ठरेल. आधी उडी मारायची, मग... तेही दिलंय यात, नवव्या प्रकरणात." ते नववं प्रकरण तोर्गिननं दाढ दुखत असताना एका बैठकीत उरकलं होतं. "आई, खरं सांगू? माझी दोरीच चुकीच्या माणसानं कापली."

ते तिला लागलं. सिरिमच्या तुसाउकेसेरला कारखान्याचे साहेब येणार होते. दुपार झाली तरी आले नाहीत, मूल रडायला लागलं, तेव्हा झाप्पारनं शेजारच्या गणिताच्या बिकेनबाईंना हाक मारली. "बाई तुरुतुरु चालतात, त्यांनाच कापू दे," म्हणाला. बाई तुरुतुरु चालायच्या कारण त्यांना रोज शाळेला उशीर व्हायचा. पोरगं मास्तर झालं तेव्हा सगळी गल्ली हसली होती, बिकेनबाईंची दोरी लागली म्हणून.

"बिकेनबाईंना नावं ठेवायची नाहीत," तोर्गिन म्हणाली.

"नावं नाही ठेवत गं. पण तू पण बघ ना स्वतःकडे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेलांट्या नीट केल्यास. तुला यातलं काय कळणार? हे ज्यानं लिहिलंय त्यानं जग बघितलंय."

"हे मी लिहिलंय," तोर्गिन म्हणाली.

सिरिम हसला. मग थांबला. मग पुन्हा हसायला गेला, पण ते जमलं नाही.

"दोन्ही पुस्तकं मी लिहिलीयत. इथंच, याच टेबलावर. तू वह्या तपासायचास आणि मी हे लिहायचे. तिसरंही मीच लिहिलं. मी आजवर एक टपरीसुद्धा चालवलेली नाही, सिरिम. भाजीवाल्याशी घासाघीस करायची म्हटली तरी मला घाम फुटतो."

"मग ते पावाच्या रांगेचं? चहाच्या वाटीचं?"

"ते तुझ्या बाबांचं."

खाली अंगणात कुणीतरी सतरंजी बडवत होतं. सिरिमनं पुस्तक उघडलं, मिटलं, परत उघडलं. आरडाओरडा करील, पुस्तक भिंतीवर आपटील, असं तिला वाटलं होतं. त्यानं वह्या तपासायचं लाल पेन उचललं.

"हे बाबांचं?" त्यानं बोट ठेवलं.

"हो."

त्यानं समासात खूण केली. "हे?"

"हो. टायर बदलताना म्हणाले होते."

"हे?"

"ते मी केलं. पान भरायचं होतं."

असं पानामागून पान. चहा झाला, निवला, दुसरा केला. खुणा फार नव्हत्या. कितीतरी ठिकाणी तोर्गिन वाक्याकडे बघत राहायची आणि म्हणायची, "माहीत नाही रे. त्यांचं असेल. माझं असेल. आता नाही सांगता येत." तिथं तो प्रश्नचिन्ह काढायचा. प्रश्नचिन्हं वाढत चालली तसा त्याचा आवाज बारीक होत गेला. बापाला असं लाल पेननं शोधायची वेळ तिनंच पोरावर आणली होती.

मग तो त्या पानाशी आला. चिठ्ठी लावलेलीच होती.

"आणि हे? शेगडीचं?"

अख्ख्या पुस्तकात इतकं नक्की झाप्पारचं दुसरं वाक्य नव्हतं. तिला तो दिवस लख्ख आठवत होता. पंचाण्णव सालचाच हिवाळा, गॅस जेमतेम यायचा. झाप्पार कामावरून आला, हातमोजे न काढता बर्नरवर हात धरले आणि कडवट हसून म्हणाला, "तोर्गिन, दुसऱ्याच्या शेगडीवर हात शेकतोय आपण. उद्या त्यांनी शेगडी उचलली की गार." तो कारखान्याला विटला होता. जुनी गाडी विकत घेऊन स्वतःचा धंदा करायचं त्याच्या मनात होतं. पुढं वसंतात, एप्रिलमध्ये, तो अंगणात पडला तो उठलाच नाही. त्याचा कोट धुवायला काढला तेव्हा आतल्या खिशात चार घड्या केलेला राजीनामा निघाला. तारीख घालायची राहिली होती. तो कागद अजून तिच्या शब्दकोशाच्या पुठ्ठ्यात होता, इथून चार पावलांवर. तिनं तो कधी कुणाला दाखवला नव्हता.

सिरिम वाट बघत होता. त्याच्याही शर्टाच्या खिशात चार घड्यांचा कागद दिसत होता.

"ते माझं," तोर्गिन म्हणाली. "किटली उकळत होती, प्रकरण अर्धं राहिलं होतं. सुचलं ते खरडलं."

"नक्की?"

"माझंच. तुझे बाबा असं बोलले नसते."

"मग बाबा काय म्हणायचे? पगाराबद्दल. नोकरीबद्दल. काहीतरी म्हणाले असतील ना!"

आता तिला खरंच दमल्यासारखं झालं. तेरा पुस्तकं, तीन हजार पानं, आणि इतक्या जिवावर येऊन तिनं एकही वाक्य लिहिलं नव्हतं. खिडकीतून खाली सतरंजी बडवणारी बाई दिसत होती. तिच्याकडे बघत तोर्गिन म्हणाली, "एकदा मी त्यांना म्हटलं, स्वतःची गाडी घ्या, कशाला दुसऱ्याचा पाव वाहता? तर म्हणाले, 'पाव कारखान्याचा आहे गं. पण सकाळी गल्ली वाट बघते ती माझी.'"

सिरिमनं ते मनातल्या मनात म्हटलेलं तिला ओठांवरून कळलं. मग तो रडला. चौतीस वर्षांचा बाप्या, लाल पेन हातात धरून, वह्यांच्या गठ्ठ्यावर कपाळ टेकून. "हे पुस्तकात का नाही घातलंस?" त्यानं विचारलं.

"सगळंच थोडं विकायचं असतं," ती म्हणाली, आणि तिची तिला शिसारी आली.

त्यानं खिशातला कागद काढला, फाडला, आणि तुकडे वहीच्या पुठ्ठ्यात ठेवले. उरलेल्या वह्या त्यानं त्याच दुपारी तपासून संपवल्या.

दोरी कापायला जायचं त्यानं कबूल केलं होतं, त्यामुळे तो गेला. मार्चमधल्या नवरोजच्या सणाआधीचा रविवार होता, सभागृह गच्च भरलेलं. तोर्गिन शेवटून दुसऱ्या रांगेत बसली, तिची नेहमीची जागा. स्टेजवर टेबल, टेबलावर काळ्यापांढऱ्या दोरीनं बांधलेलं तिसरं पुस्तक. असिलखाननं माईकवर सांगितलं, "हे आमचे मास्तर, माझी दोन पुस्तकं वाचून यांचं आयुष्य बदललं, तेच सांगतील आता." आणि मोठ्या आशेनं सिरिमच्या खिशाकडे पाहिलं.

सिरिमनं डाव्या हातानं दोरी कापली. आता आशीर्वादाचे दोन शब्द बोलायचे होते.

"पुस्तकानं चांगल्या घरी जावं," तो म्हणाला. "मी नोकरी सोडणार होतो. सोडत नाहीये. माझे वडील पावाची गाडी चालवायचे. ते म्हणायचे, पाव कारखान्याचा, पण सकाळी गल्ली वाट बघते ती माझी. माझीही पोरं वाट बघतात. बाकी मला काही येत नाही. माफ करा."

सभागृहात असा कडकडाट झाला की तसा मंत्र्याच्या वेळीही झाला नव्हता. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. असिलखाननं स्वतः सिरिमच्या खांद्यावर रीतीप्रमाणे नक्षीचा झगा घातला आणि त्याला मिठी मारली. त्याचेही डोळे भरले होते. तोर्गिनला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. ती मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली.

सोमवारी सकाळी फोन वाजला. सिरिम शाळेत गेला होता. झगा दाराच्या खुंटीला लटकत होता.

"आपाय, रागावलो नाहीये हं मी," असिलखान म्हणाला. "उलट! तुम्ही पोराला सांगितलंत हे मला कळलंय, जाऊ दे, तो कुठं बोलणार नाही. पण काय वाक्य बोलला हो! मला रात्रभर झोप नाही. चौथं पुस्तक त्या वाक्यानं सुरू करू. आणि गंमत ऐका, मला आता आठवतंय, माझे वडीलसुद्धा अगदी असंच काहीतरी म्हणायचे."

"तुमचे वडील मेंढ्यांचे डॉक्टर होते, असिलखान."

"हो, पण म्हणायचे ना. तुम्ही लिहा. वाटल्यास यावेळी तुमचं नाव आत घालतो, बारीक अक्षरात. आभारात. अकरा जणांपैकी कुणी घातलं का?"

कुणीच घातलं नव्हतं. तोर्गिन फोन कानाला धरून त्या झग्याकडे बघत होती. काल घरी आल्यावर सिरिमनं नवी वही काढली होती, त्यावर बापाचं नाव घातलं होतं आणि पहिल्या ओळीत ते वाक्य उतरवलं होतं. लाल खुणांची वाक्यं त्याखाली.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"ते वाक्य मिळणार नाही. बाकीची सगळी घेतलीत, ठेवा. हे माझ्या नवऱ्याचं आहे."

बोलताना तिचा आवाज जराही हलला नाही. फोन ठेवून ती ओट्यापाशी गेली, किटली चढवली, आणि पाणी उकळेपर्यंत त्या निळ्या ज्योतीवर दोन्ही हात धरून उभी राहिली.